जगाच्या पंचायतीत आमच्या बिबड्या

प्रिय चारू,

मी तुझी आजी. ओळख पटावी म्हणून सांगते, अमडापूरच्या बाजारात तू हरवली होतीस आणि रडायचं सोडून हॉटेलात बसून कुणाच्या तरी नावावर भजी खात होतीस. ते कुणाचं तरी नाव म्हणजे मी. शिमग्यापासून तुझा धड फोन नाही. म्हटलं, जिनिव्हाच्या थंडीत पोरीचं डोकं गोठलं असेल, आपणच आठवण द्यावी. आणि फोनवर तरी काय, तू 'हो आजी, हो आजी' करतेस अन् मागून कुणीतरी तुले हाक मारते. पत्र वाचायला बसावं लागतं. लिहून राह्यली तुझी सुचिता काकू. झालं की फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवील. तिला म्हटलं, मी बोलीन तसंच लिही. तर म्हणते, आत्याबाई, चारू मोठ्या हापिसात आहे, जरा शुद्ध लिहू द्या. म्हणून भाषा तिची आहे, आणि जिथं मी डोळे वटारले तिथं माझी.

तुझं हापिस मले अजूनही समजलं नाही. तुझ्या बापाला, नीळकंठला विचारलं. तो म्हणाला, माय, तिथं जगातले देश बसून व्यापाराचे नियम ठरवतात. मी म्हटलं, अन् विकतात काय? तर काहीच नाही. म्हणजे बाजार रोज भरतो, पण पाटी कुणाच्याच डोक्यावर नाही. बरं, ठरतं कसं? तर सगळ्यांनी मान डोलवली तरच. एकानं नाही म्हटलं की अडलं. हे मात्र मले लगेच समजलं, कारण आपल्या मारुतीच्या देवळाच्या बैठकीत उकंडराव तेच करतात. 'मले इचारलं काऊन नाही' एवढ्या एका वाक्यावर त्यांनी मंडपाचे पत्रे कित्येक पावसाळे अडवून धरले आहेत. मग मले कोडं पडलं की जग एवढं शिकलं अन् शेवटी उकंडरावापाशीच कसं येऊन थांबलं.

नीळकंठ पुढे म्हणाला, अमेरिकेचं सरकार तिथल्या कापसाला हात देते म्हणून तक्रार होते ती तिथंच, आणि आपलं सरकार आपल्या धान्याला हात देते त्याची तक्रारही तिथंच. तेव्हाच मी तुले फोनवर विचारलं होतं, तू कोणाच्या बाजूची? तू म्हणालीस, आजी, आम्ही कोणाच्याच बाजूचे नसतो. आपल्या घराण्यात अशी तू पहिलीच. तुझे आजोबा तर जोडीच्या दोन बैलांतही एकाच्या बाजूचे होते.

आता बिबड्यांचं ऐक. तुमच्यासारखीच, तुमच्याच जिनिव्हातली दुसरी एक संस्था आहे म्हणे, ती खेड्यातल्या बायांचा माल बाहेरदेशीच्या दुकानांत पोचवते. जगानं ज्वारी-बाजरीचं अख्खं एक वर्ष साजरं केलं, तेव्हापासून तिचं ज्वारीवर मन बसलं. आपण ज्वारी खात होतो तेव्हा पोळी खाणारे सोयरे नाक मुरडत, ते सोड. त्या संस्थेनं आपल्या बचत गटाच्या ज्वारीच्या बिबड्या मागितल्या, कागदावर मात्र 'ज्वारीचे पापड' लिहितात. नमुन्याची पाकिटं पूनमनं चिखलीहून मशीनवर बंद करून आणली. पूनम म्हणजे शेजारच्या जनकाबाईची सून, तू लग्नाच्या वयाची झालीस तेव्हा आली ती. पाकिटं तपासणीला मुंबईला जायची होती, तोवर माझ्याकडं ठेवली.

ती न्यायला ऐन दुपारी दोघी आल्या. एक पुण्याची, गळ्यात फोटोचं कार्ड, आणि एक गोरी, उन्हानं टमाट्यासारखी झालेली. आता तूच सांग, जेवणाच्या वेळेला दारात आलेल्या माणसाला नुसतं पाणी पाजून धाडायचं का? माझ्या डब्यात बिबड्यांचे तुकडे तेवढे उरले होते, आणि पाहुण्याला तुटकं वाढत नाहीत. चांगल्या साऱ्या त्या पाकिटांत. मी पाकिटं फोडली अन् तळल्या. सोबत कच्चा कांदा, तेल-तिखट. गोरीनं डोळे पुसत पुसत आणखी मागितल्या. मग पुण्याची बाई म्हणाली, आजी, नमुने कुठं आहेत? पूनमनं कढईकडं बोट दाखवलं अन् मागच्या दारानं निघून गेली.

मले वाटलं, झालं, गट बुडाला. पण ती बाई हसली. म्हणाली, तुम्ही चारुलता मॅडमच्या आजी ना, मग काही हरकत नाही, दुसरी पाकिटं द्या. साऱ्या जणी हसल्या, मीही हसले. संध्याकाळी भाकरी थापता थापता मात्र ते बोलणं आठवलं अन् हात थांबला. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गटाचं पाकीट वाटेत फुटलं होतं, तर त्यांना बाद केलं होतं. मी तर अख्खा नमुना पाहुण्यांच्या पोटात घातला. बाया आता कुजबुजतात की चारूचा फोन येत नाही तो त्या कढईपायीच, तिला वरून बोलणी बसली असतील. मी म्हणते, छट, पोरगीच विसरभोळी आहे. म्हणते खरी.

दुसरी पाकिटं पास झाली. आता त्यांचं म्हणणं, माल बाराही महिने द्या. लुगड्यावर वाळत घालू नका, धागा लागतो, ताटं आम्ही देऊ. वाळवायला विजेचं यंत्र देऊ. तुला ठाऊक आहे आपली रीत. आज साऱ्या जणी जनकाबाईच्या गच्चीवर, उद्या आमच्या, परवा तिसरीकडं, कुणी कुणाची मजुरी धरत नाही. लेकरं गंजाभोवती बसून बिबड्यांसाठी शिजवलेला गरम घाटा खातात, तुला तर त्या भांड्यातून ओढून काढावं लागे. जनकाबाई म्हणते, ऊन फुकट असतानी विजेवर काऊन वाळवू, मी का कारखान्यात जाऊन राह्यली? पूनम म्हणते, आत्याबाई, तुमचं ऊन उन्हाळ्यापुरतं, माह्या पोराची फी वर्षभर. जनकाबाई बोलते तेव्हा मले तिचं पटते, पूनम बोलते तेव्हा तिचं. दोघी माझ्याकडं पाहतात, मग मी चहा मांडते. किती चहा मांडावा माणसानं.

सोमवारी पुण्याची बाई उत्तर न्यायला येते, आणि बायांनी ठरवलं की मी म्हणीन ते. म्हणून हे पत्र. मले एवढंच सांग, आमची निवड बिबडीसाठी झाली की मी तुझी आजी म्हणून? बिबडीसाठी असेल तर मी पदर खोचून सौदा करीन. यंत्र ठेवा, ते पूनम चालवील. उन्हाळ्याचा माल मात्र गच्चीवरचा अन् लुगड्यावरचा घ्यावा लागेल, ज्याला धागा नको त्यानं पावसाळ्याचा खावा. पहिल्या भावाला मी आजवर कुणाला हो म्हटलं नाही. पण तुझ्या शब्दाखातर असेल, तर मी सौदा कोणत्या तोंडानं करू? माझं एक वाकडं बोलणं तिथं तुझ्या टेबलावर जाऊन पडेल. मग मी नाहीच म्हणीन, अन् पूनमला काय सांगायचं ते माझं मी पाहीन. गोड करून लिहू नको, खरं असेल ते रविवारपर्यंत लिही. अन् खायचं काही धाडशील तर चॉकलेट नको, इथं पोचेस्तोवर त्याचं पाणी होते. तिकडच्या बाया हिवाळ्यासाठी जे काही वाळवून ठेवत असतील ते धाड. मांसाचं नको, जनकाबाई माळकरी आहे.

अक्षर सुचिताचं, बाकी सगळी तुझीच,
आजी