खंडेनवमीचं तेल

सोलापूर,
रविवार, ११ डिसेंबर १९७७

प्रिय वच्छला,

तुझं पत्र काल शाळेच्या पत्त्यावर मिळालं. दाजी शुक्रवारी कोर्टात गुन्हा कबूल करणार, वकिलांचंही ऐकत नाहीत, हे वाचलं आणि पुढचा तास मला धड घेता आला नाही. गुन्हा कबूल केला तर लायसन जाईल, लायसन गेलं की एसटीची नोकरी राहणार नाही, हे अकरा वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. तरी ते म्हणतात, माझाच पाय चुकला, बाईचा पाय माझ्यामुळं मोडला, आता मला स्टेअरिंग नको. तू लिहिलं आहेस, दादा, तू त्यांना चार शब्द सांग. वच्छला, सांगण्यासारखे चार शब्द माझ्यापाशी पावणेदोन महिन्यांपासून आहेत. मी ते सांगितलेले नाहीत.

माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकाचे ब्रेक मी घरीच बदलले, हे तुला ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या चनबसप्पानं ते काम अर्ध्या तासात केलं असतं. पण मी बी.एस्सी. झालेला, नववीच्या वर्गाला घर्षण शिकवणारा. आपल्या गाडीचं एवढं काम आपल्याला का येऊ नये, असं मनात होतं. नवे ब्रेक शू सोलापुरात मिळाले नाहीत, पुण्याहून यायला तीन आठवडे लागले. चनबसप्पा हसत म्हणाला होता, "करा की सर तुमी. फकस्त लायनरला तेलाचा हात लावू नका. बाकी काय बी चुकलं तर आमी हाय हितं." लायनर म्हणजे शूवर बसवलेली ती खरबरीत पट्टी. तीच चाकाला घासते आणि गाडी थांबवते.

खंडेनवमीच्या सकाळी अंगणात चाक उतरवलं. शू ज्यात बसतात तो चाकातला डबा पेट्रोलनं पुसला. नवे शू वर्तमानपत्रावर काढून ठेवले आणि हात धुवायला मागं गेलो. परत आलो तेव्हा आईनं पाटावर पूजा मांडलेली होती. विळा, अडकित्ता, तुझं इथं राहिलेलं शिलाईचं मशीन, माझे पाने, आणि मधोमध ते दोन शू. मंद्रूपला होतो तेव्हा ती नांगराच्या फाळापासून खुरप्यापर्यंत प्रत्येक लोखंडाला तेल पुसून मग हळदकुंकू लावायची, तसंच तिनं इथंही केलं होतं. करडईच्या तेलाची चिंधी अजून तिच्या हातात होती. म्हणाली, "ज्ञानू, ह्या दोन चंद्रकोरी लई कोरड्या होत्या बग. चांगलं तेल पाजलंय."

तिथं मी एक वाक्य बोलायला हवं होतं. का बोललो नाही, हे मी स्वतःला रोज विचारतो आणि रोज वेगळं उत्तर देतो. कधी वाटतं, सणाच्या दिवशी तिचं मन मोडवेना. कधी वाटतं, आणखी तीन आठवडे थांबायचा कंटाळा. खरं उत्तर बहुधा हे असावं, की चनबसप्पासमोर जाऊन शू खराब झाले म्हणायची मला लाज वाटली. पूजा झाल्यावर मी ते पेट्रोलनं पुसले. वरून कोरडे दिसले. लायनर विटेसारखा तेल पितो, आणि तापला की प्यायलेलं तेल वर येतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, ब्रेक लागला. रोजनिशीत लिहिलं, 'ब्रेक बसवले. काम नीट झालं.' पंचवीस वर्षं मी रोजनिशी लिहितो. तीत मी खोटं लिहीत नाही, असा माझा समज होता.

दसऱ्याला तुम्ही सांगोल्याहून आलात. जेवणानंतर दाजी म्हणाले, मंद्रूपला मामांकडं सोनं देऊन येतो. मी किल्ली दिली. त्या क्षणीही मला तेल आठवलं होतं. आणि मी काय म्हणालो, ते तूही ऐकलंस. "कालच नवे ब्रेक घातलेत दाजी, बिनधास्त जा."

पुढचं तू दाजींच्या तोंडून ऐकलं आहेस, पण एकदा माझ्याकडून ऐक. सणाचा दिवस, रस्ताभर बैलगाड्या नि माणसं, सारखा ब्रेक मारावा लागला. लायनर तापले. गावाच्या अलीकडच्या उतारावर मेंढरं आडवी आली, त्यांच्यामागं बनाबाई. बस चालवणाऱ्याचा सगळा भरवसा पायावर. त्यांनी पाय दाबला, गाडी थांबेना. पुन्हा दाबला. पुढच्या चाकाच्या, हाताच्या ब्रेकची आठवण येईपर्यंत उशीर झाला होता. मेंढरं वाचवायला गाडी कडेला घेतली, तर बनाबाई नेमकी कडेला. तिला बैलगाडीत घालून, पुढं ट्रकला हात करून दाजींनीच तिला दवाखान्यात आणलं. संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात तू त्यांना सगळ्यांदेखत बोललीस, "येवढी मोठी एसटी चालवता आन् ही बारकी गाडी आवरंना व्हय तुमाला?" मी तुमच्या दोघांच्या मधे उभा होतो. तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तुला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी माझा जबाब घेतला. गाडी सुस्थितीत होती का? होती, असं मी सांगितलं आणि सही केली. पंचनाम्यात गाडी ढकलून ब्रेक दाबून पाहिला, तो लागला. गार होता, लागणारच. नोव्हेंबरात गाडी घरी आली तेव्हा मी चाक उघडलं. दोन्ही लायनर भज्यांच्या कागदासारखे काळपट, तुकतुकीत. ते काढून डब्यात ठेवले आणि डबा कपाटात.

दर रविवारी मी बनाबाईकडं जातो. तिचा पाय जुळतो आहे, पण ती लंगडणार असं डॉक्टर म्हणतात. मेंढरांमागं चालणाऱ्या बाईला लंगडणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. गेल्या रविवारी मी केळी घेऊन गेलो, तर म्हणते, "त्या डायवर बाबाला कशाला शिक्षा करत्यात? लई रडला त्यो माज्याम्होरं. मेंढरं माजीच आडवी गेली की." दाजी आपल्या पायाला दोष देतात, बनाबाई आपल्या मेंढरांना. दोष अंगावर घ्यायला दोन माणसं पुढं आली आणि मी केळी ठेवून परतलो.

कालपासून हे पत्र मी चारदा लिहिलं आणि फाडलं. चारही वेळा त्यात आई नव्हती. एकात लिहिलं, लायनरवर चुकून तेल सांडलं. दुसऱ्यात, माझ्याच हाताला तेल होतं. बाहत्तर वर्षांच्या बाईचं नाव कशाला, असं म्हणून मी तिला वाचवत होतो. मग वाटलं, खरं सांगायला बसलो आणि पहिल्याच पानावर पुन्हा खोटं. ते उलटतपासणीत दोन मिनिटं टिकणार नाही, आणि एक खोटं पडलं तर दाजींच्या बाजूनं बोललेलं बाकीचंही खोटं ठरेल. तिचं नाव घालावं तर हे ऐकून ती अन्न सोडेल, अशी भीती. दोन्हीकडून वाट बंद, वच्छला. अशी अवस्था माझी बाबा गेले तेव्हाही झाली नव्हती.

आज दुपारी मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती. हातातला खडा तिनं ताटाबाहेर टाकला. मग म्हणाली, "मला काय कळतंय त्या गाडीतलं? आये, हितं तेल चालत न्हाय, येवढं म्हणायचं की. मी काय रुसून बसले असते व्हय?" थोड्या वेळानं ताट बाजूला सारलं. "जावयाच्या पायाला लोकं नावं ठेवत्यात आन् तू गप ऱ्हायलास. मला बी ने शुक्रवारी. तेल कुणी लावलं ते साहेबाला मी सांगते." ती रडली नाही. मी रडलो.

तुझ्याकडं येऊन हे सांगायचं धैर्य मला नाही. तीनदा सांगोल्याला आलो, तिन्ही वेळा चहा पिऊन परत गेलो. म्हणून लिहून, खाली पूर्ण नाव घालून पाठवतो आहे, म्हणजे शुक्रवारपर्यंत मी पुन्हा डगमगलो तरी कागद तुझ्या हातात राहील. हे पत्र वकिलांना दे. दोन्ही शू मी कोर्टात घेऊन येतो. आधीचा जबाब खोटा दिला त्याबद्दल माझं जे व्हायचं ते होईल, मुख्याध्यापकांना मी उद्याच सांगणार आहे. दाजींनी मला क्षमा करावी असं मी मागत नाही. त्यांना एवढंच सांग, की पाय वेळेवर पडला होता, दोन्ही वेळा. आणि शुक्रवारी नाव पुकारलं तरी त्यांनी लगेच काही कबूल करू नये. आई आणि मी दहाच्या आत दारात असू.

तुझाच दादा,
ज्ञानबा रावजी म्हेत्रे