अमेरिका, रवळूचं पाणी आणि अण्णाची चड्डी

तीर्थस्वरूप अण्णा,

वडगावाहून बेबीचा वाकून नमस्कार. (सहासष्ट पूर्ण झाली तरी बेबीच. नाव ठेवताना घरात कुणी पुढचा विचार केला नाही.) तुझा गुडघा, तुझी साखर आणि तुझा टीव्ही तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. सौम्याने कळवलंय की तू बातम्या इतक्या मोठ्याने लावतोस की निपाणी स्टँडवर उतरलेल्या माणसाला वर्तमानपत्र घ्यावं लागत नाही. सुनेचं बोलणं मनावर घेऊ नकोस. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू काही ऐकू न येता सगळ्याला व्हय व्हय म्हणतोस, आणि मला या वेळी खरं व्हय हवं आहे. कशाला ते पुढे येईल. तूर्त केवळ तुझी खुशाली विचारायला लिहिते आहे असं समज.

माझ्या चिन्मयचं तुला ठाऊक आहेच. जानेवारीत सूनबाईचं, अदितीचं बाळंतपण आहे. तिची आई स्वतःच अंथरुणाला, म्हणून तू सहा महिने ओहायोला ये, असं चिन्मय दोन महिने माझ्या मागे लागला होता. मी नाही म्हणत होते. कारण विचारलं तेव्हा सांगून टाकलं, मला तुमच्या अमेरिकेचं परराष्ट्र धोरण पटत नाही. पण तोंडातून गेलं म्हटल्यावर ते धोरण वाचणं मला भाग पडलं. वाचनालयातून एकामागून एक सहा पुस्तकं आणली. माझं वाचन कसं ते तू पाहिलंयस. आमचे हे माग चालवायचे, मी शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची. मागाच्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून चाळीस वर्षं मांडीवर पुस्तक. सातवीनंतरची माझी शाळा तीच. अगदीच काही सांगायचं असलं तर चिठ्ठी लिहून ह्यांच्या पुढ्यात धरायची. (बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘जेवायला चला’.)

सहा पुस्तकं वाचतेय म्हटल्यावर महिला मंडळाने मला व्याख्यान द्यायला लावलं. विषय, अमेरिका तत्त्वाने चालते की स्वार्थाने. अध्यक्षीण गुणाबाई म्हणाल्या, तुमचा मुलगा तिथं आहे, तुम्हाला आतलं माहीत असणार. मी चार पानं टिपणं काढली. सगळी माणसं समान, असं ज्यांनी लिहून ठेवलं त्यांच्याच घरी गुलाम राबत होते, आणि पुढे त्याच गुलामांच्या नातवंडांनी तेच वाक्य दाखवून आपला हक्क मागितला, हे मला फार आवडलं होतं. तिथून सुरुवात करायची ठरवून व्यासपीठावर गेले आणि लक्षात आलं, चष्मा आणलाय तो ह्यांचा. सवयीने रोज पुसून ठेवते, तोच पर्समध्ये गेला. त्यातून टिपणं दिसेनात. मग जे चष्म्याशिवाय दिसत होतं ते बोलले. अण्णा, ती तुझी चड्डी होती.

रागावू नकोस. शाळेत आपल्याला अमेरिकेच्या पिवळ्या रव्याचं उप्पीट मिळायचं आणि त्या पिशव्यांवर दोन हात एकमेकांत दिलेले असायचे, एवढंच सांगणार होते. पण पिशवीवर ‘विकू नये, बदलू नये’ असं लिहिलेलं असूनही आप्पांनी शिपायाला विडीचं एक बंडल देऊन ती आणली, आईने तिची तुला चड्डी शिवली आणि ते दोन हात नेमके मागच्या बाजूला आले, हेही निघून गेलं. (शिपाई प्रामाणिक होता. विकली नाही, असं शेवटपर्यंत म्हणायचा.) एकाहत्तर साली त्यांची लढाऊ जहाजं आपल्याला दरडावायला निघाली, तेव्हा शाळेच्या निषेध फेरीत तू सर्वांत पुढे, त्याच चड्डीवर, हेही सांगितलं. बायका हसून हसून वाकल्या. मी म्हटलं, त्यांच्या कोठारात धान्य उतू जात होतं, भाव पडू नये म्हणून ते बाहेर काढायचं होतं, हा स्वार्थ खरा. आणि दूरची पोरं उपाशी राहू नयेत म्हणून तिथल्या कुठल्या कुठल्या बायकांनी वर्गणी काढली, तेही खरं. उप्पीट एकच होतं.

इथे थांबायला हवं होतं. पण टाळ्या पडल्या आणि मी उदाहरण द्यायला गेले. आमच्या गल्लीतला रवळू, बोअरवाला, उन्हाळ्यात अकरा घरांना पाइपने फुकट पाणी देतो, टाकीवर स्वतःचा हात जोडलेला फोटो लावून. महापालिकेला उभं राहायचंय त्याला. मी म्हटलं, आपल्या गल्लीची अमेरिका म्हणजे रवळू. कोणी हसलं नाही. पहिल्या रांगेत रवळू बसला होता. कार्यक्रमाच्या खुर्च्या त्यानेच दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाइप कोरडा. अकरा घरच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन माझ्या दारात उभ्या. गुणाबाई म्हणाल्या, निर्बंध म्हणतात ते हेच का. दुपारपर्यंत मी स्वतःच्या पिंपातलं पाणी दोन घरी पोचवलं आणि रवळूकडे माफी मागायला चप्पल घातली, तर तोच दारात, कोपरापर्यंत हात काळे.

“आक्का, मोटर जळलीया. चारला येतंय पाणी. सकाळधरनं तीच करत बसलोय.”

मी कालचं काढलं. तो पायरीवर बसला आणि पाणी मागितलं. (मी दिलं. पिंपाच्या तळातलं होतं.)

“मत पायजे म्हणून देतोय, खोटं कशाला बोलू? पर माझी आय कणकुंबीची. नदी तितंच उगवती, तरी चढ चढून पाणी आणून आणून तिची मान वाकडी झालती, तशीच गेली. ते बी खोटं न्हाय. दोन्ही असू नये व्हय माणसाला?”

सहा पुस्तकांत मला हे इतकं सरळ सापडलं नव्हतं. (टाकीवरचा फोटो मात्र फार मोठा आहे, हेही मी त्याला तेव्हाच सांगितलं.)

त्या संध्याकाळी चिन्मयला फोन लावला आणि सरळ विचारलं, बोलावतोस ते बाळाला सांभाळायला की मला भेटायला. तो म्हणाला, आई, इथं बाई ठेवणं झेपत नाही, हे खरंच आहे.

“आणि अदिती म्हणते मी सारखा ओरडतो. मी ओरडत नाही गं, मागाच्या घरातला आहे, आमचं बोलणंच असं. तू येऊन चार दिवस बोल, म्हणजे तिला कळेल मी रागावलेला नाही.”

मी येते म्हटलं. माझं धोरण असं एका वाक्यात कोसळलं. अमेरिकेचं काय ते अमेरिका बघेल. तिथल्या लोकांना उप्पिटाबद्दल आभार आणि जहाजांबद्दल चार शब्द, दोन्ही सांगून येईन. प्रकृतीला जप.

तुझी धाकटी
बेबी

ता. क. व्हिसा मिळालासुद्धा. चिन्मयने मुलाखतीची तारीख मला न विचारता धरून ठेवली होती. ह्यांच्या आणि माझ्या पासपोर्टांची जोडी कपाटात होती, त्यातला एकच काढताना जरा वेळ लागला. मुंबईच्या साहेबाने विचारलं, कशाला जाताय. म्हटलं, नातवंडासाठी आणि स्वतःसाठी. त्याने पासपोर्ट ठेवून घेतला.

ता. क. दुसरा. आता ते व्हय. जानेवारीपासून सहा महिने तू माझ्या घरी राहायला ये. मष्णू रोज दहा ते पाच आपल्या मागावर विणायला येतो. घर बंद ठेवलं तर माग त्याच्या घरी नेतो म्हणतोय आणि त्याचंही चूक नाही. घरात माणूस हवं, आणि त्या आवाजात राहू शकेल असा माझ्या ओळखीत तूच आहेस. टीव्ही हवा तेवढा मोठा लाव, माग त्याहून मोठा आहे. दोन वेळचं जेवण गुणाबाई देतील, पाणी रवळू.

ता. क. तिसरा. माग घरातून जाऊ नये म्हणून बोलावते आहे असं वर लिहिलं, ते खरं आहे. दुसरंही सांगते. हे जाऊन चार वर्षं झाली. माग चालू असतो तोवर मला वाटतं, हे पलीकडेच बसलेत, आवाजामुळे बोलणं होत नाही एवढंच. मी नाही म्हणत होते ते याच्यासाठी. धोरण वगैरे नंतरचं. तर तुझे दुपारचे चार वाजले की माझी तिकडची पहाट असेल, तेव्हा फोन करीन. तू काही बोलू नकोस, तसंही तुला ऐकू येणार नाही. फोन फक्त मागाजवळ नेऊन धर.