उन्हात उभा राहिलेला नायक

बेंबळी, एप्रिल १९७३

ती. मथुराआत्या यांना,

बेंबळीहून तुमच्या भाचीचा, चांगुणाचा, वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे पाऊस नाही, विहिरीत पाणी नाही आणि जनावरं छावणीवर आहेत, बाकी तक्रार नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? येडेश्वरीच्या पायऱ्या सध्या चढू नका. आबांचा खोकला तसाच आहे. बिडीही तशीच आहे.

पत्र लिहायचं कारण तुमचे चिरंजीव. ज्ञानोबा सोसायटीत कारकून झाल्यापासून महिन्यातून दोनदा येरमाळ्याहून आमच्याकडे येतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. फेब्रुवारीत त्यानं मला एक प्रेमाची कादंबरी आणून दिली. मी सातवी पास (आमच्या टोळीत दुसरं कुणी नाही), म्हणून पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर दुपारच्या सुट्टीत सरकारनं वाटलेली सुकडी खाता खाता मी ती बायांना वाचून दाखवू लागले. नायक मोठ्या इस्टेटीचा धनी. त्याला एक पोरगी आवडते, म्हणून तो तिच्याशी बोलत नाही. ती दुसऱ्या कुणाशी बोलली की तिचं मनगट पिरगाळतो. मग पावसात उभा राहून तापानं फणफणतो आणि ती रडत त्याच्या उशाशी बसते. (कबूल करते, पहिल्यांदा वाचताना मलाही रडू आलं.) टोळीच्या म्होरक्या नागूबाई मात्र म्हणाल्या, "ह्या मुडद्याला कामधंदा न्हाय व्हय गं?" बिबीजाननं तर त्या पोरीलाच धारेवर धरलं. "रडती कशापायी? घरला जा म्हनावं." शेवटी टोळीनं एकमतानं ठराव केला (सूचक नागूबाई, अनुमोदक बिबीजान) की नायकाला महिनाभर खडी फोडायला लावावं आणि तोवर त्याची सुकडी बंद.

इथवर गंमत होती. पण ते पुस्तक ज्ञानोबानं आमच्याआधी वाचलं होतं, आणि अगदी मन लावून. मार्चमध्ये तो आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. एक शब्द नाही. आबांना वाटलं पोट बिघडलंय, त्यांनी त्याला एरंडेल पाजलं. तेही तो नायकासारखा न बोलता प्यायला. (पुढची दुपार त्यानं कुठं काढली ते लिहीत नाही.)

पुढच्या खेपेला मी टँकरवर पाणी भरत होते. टँकरवाले फकरुद्दीनचाचा साठीचे, तोंडात मोजून चार दात. "बेटी, घागर सरळ धर," एवढंच ते मला म्हणाले. तेवढ्यात ज्ञानोबा गर्दीतून घुसला, माझं मनगट आवळलं आणि म्हणाला, "तू फक्त माझी आहेस." घागर पडली. आत्या, भरलेली घागर, चार दिवसांनी आलेल्या टँकरची. सगळा गाव ते पाणी मातीत जिरताना बघत होता आणि हा माझ्या डोळ्यांत बघत होता. "तुजी आसल तर पानी आनून दे की रं तिला," म्हणत नागूबाईंनी त्याला बाजूला ओढलं, हातात रिकामी घागर दिली आणि रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं. त्याचा नंबर यायच्या आत टँकर संपला.

तिसऱ्या खेपेला त्याला पावसात उभं राहायचं होतं. आता पाऊस आणायचा कुठून? म्हणून तो आमच्या दारासमोर उन्हात उभा राहिला. बारा ते दोन उभा होता, दोननंतर आडवा. त्याला शुद्धीवर आणायला घरातलं दोन दिवसांचं पिण्याचं पाणी गेलं. डोळे उघडताच त्यानं आबांना विचारलं, "चांगुणा रडतेय का?" चांगुणा कामावर होती. हजेरी बुडवून रडायला परवडत नाही.

हसून झालं, आता खरं लिहिते. मनगटावरचा वळ आठवडाभर होता. पुस्तकातल्या पोरीला तो गोड वाटतो. मला भीती वाटली. त्या दिवशी मध्ये पडायला नागूबाई होत्या. लग्नानंतर घरात कोण असणार आहे?

मामांना नमस्कार सांगा आणि शेरडीला जपा.

तुमची, अजून तरी फक्त भाचीच,
चांगुणा

ता. क. : येत्या रविवारी तुम्ही ज्ञानोबाच्या नि माझ्या लग्नाची सुपारी फोडायला येणार असं आबा म्हणतात. येऊ नका. आबांना बहिणीला नाही म्हणता येत नाही, तेव्हा कारण तुम्हीच काढा. गुडघ्यांचं चालेल.

ता. क. २ : ज्ञानोबा मुळात वाईट नाही. पूर्वी आला की कुणी न सांगता बैलांना पाणी दाखवायचा आणि मला हसवायचा. तो मला आवडायचा. हे आबांना कळवू नका.

ता. क. ३ : हे आत्यांसाठी नाही. ज्ञानोबा, पत्र मुद्दाम तुझ्याच हाती दिलं, आणि तू ते उस्मानाबादच्या स्टँडवर फोडून वाचतो आहेस हे मला ठाऊक आहे. (सुपारी फुटेपर्यंत मी अरेतुरेच करणार.) लग्नाचं तू आबांना विचारलंस, आईला सांगितलंस, उन्हात उभा राहून गावालाही कळवलंस. मला विचारलं नाहीस. तिथूनच उलट्या गाडीनं ये, समोर बस आणि विचार. मी काय म्हणेन ते माझं अजून ठरलेलं नाही. 'नाही' म्हटलं, तर 'बरं' म्हणायचं आणि पुढची गाडी धरायची. एवढं जमणार नसेल, तर पाकीट नीट चिकटव आणि आत्यांना नेऊन दे.