तांदळावर तांदूळ

४ एप्रिल
प्राचीचा फोन. १२ मेला मनवा दहा वर्षांची होणार, त्या दिवशी मुलुंडला येऊ म्हणाली. "केक आम्हीच घेऊन येऊ, आई. तुम्ही काही करू नका." सून बोलते गोड. त्यातलं ‘तुमच्या हातचं नको’ ऐकायला अक्षर यावं लागत नाही.
अक्षर मला येतच नाही. हे लिहिते समोरच्या दारातली वंदना. शाळेच्या ऑफिसातून रिटायर झाली तरी हाताची खाज गेलेली नाही. (हे पण लिही गो. पुसू नको.)
नातीला गहू चालत नाही, दूध चालत नाही. पोटात गेलं की कळवळते. दीड वर्ष पथ्य केलं तरी दुखणं थांबेना, वजन वाढेना. दिवाळीनंतर संदीप, प्राची, पोरगी, तिघं बोरिवलीला गेली. प्राचीने नोकरी सोडली. दारात चपला घालताना म्हणाली, "मी दिवसभर ऑफिसात, म्हणून हे झालं." आणि मग, "या घरात तिला काहीतरी लागतंय." माझ्याकडे बघितलं नाही. घरात दुसरं होतं कोण? मी आणि फ्रीज.
तर केक मी करणार. फळाचा. गहू नाही, दूध नाही, लोणी नाही. वंदना हसतेय. हस, पण लिही.

९ एप्रिल
पहिला. केळी पाच, तांदळाचं पीठ दोन वाट्या, गूळ, नारळाचं दूध.
वंदना स्वतःचा ओव्हन देत होती. त्यात ती पाव भाजते, म्हणून नको म्हटलं. नवा टोप, नवी पळी, नवं फडकं आणलं. डबे मात्र मनवाचेच जुने. मला वाचता येत नाही म्हणून प्राचीने तिच्या डब्यांवर हिरव्या टिकल्या लावल्या होत्या. हिरवी दिसली की मनवाचं.
केक कडेला कौल, मध्ये चिखल. वंदना म्हणाली, "छान आहे, मावशी," आणि चमचा खाली ठेवला.

१६ एप्रिल
झोप नाही लागत तर आई आठवते. ती गावी तवशाचं धोंडस करायची. किसलेली काकडी, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं. टोपाखाली विस्तव, झाकणावर विस्तव. ना गहू ना दूध. आम्ही ते उन्हात बसून खाल्लं आणि त्याला केक म्हणायचं कोणालाच सुचलं नाही.
काकडीच्या जागी बरका फणस घातला. खाली गॅस. वरचे निखारे खालच्या इस्त्रीवाल्याकडून आणले. तो म्हणतो, "आजी, लोक कपडे घेऊन येतात, तुम्ही घमेलं घेऊन आलात." धुराने सेक्रेटरी वर आले. त्यांना बशी दिली. बशी चाटून गेले, तक्रार राहिली.
चव आली. पण पीठ फार बारीक, गोळा होतो. रवाच हवा.

१८ एप्रिल
मनवाशी फोन. "आज्जी, मी आता दोन जिने पळत चढते." वजन तीन किलो वाढलंय. मी म्हटलं, "बोरिवलीचं पाणी मानवलं." ती म्हणाली, "पाणी तेच असतं, आज्जी."
"माझी भाकरी आठवते का?" विचारलं.
"आठवते. पण आई पाकिटातल्या पिठाची करते. ती तुटते."
मला किती बरं वाटलं, तुटते ऐकून. काय बाई मी.

२३ एप्रिल
तांदूळ धुतले, सावलीत वाळवले, चक्कीवर नेले. म्हटलं, "रवाळ दळ. आणि तांदळावर तांदूळ दे रे, गव्हावर टाकू नको."
गणपतीत मी हे दरवर्षी सांगते. आधी कोणाचा तरी तांदूळ दळून होऊ दे, मग माझा टाक. जात्यात गहू राहिला की मोदकाचं पीठ पांढरं येत नाही, पारी फाटते. त्यासाठी मी तिथे तासभर उभी राहिलेय, भांडलेय.
चक्कीवाला म्हणाला, "आजी, आज कुठला सण? एरवी तर तुम्हाला गव्हावर चालतं."

वंदना, थांब जरा.

हां. लिही. एरवी चालतं. दर आठवड्याला तीन किलो. मनवाच्या भाकरीचं. दीड वर्ष. त्या डब्यावरची हिरवी टिकली मी लावली होती. प्राचीने नाही. मी. तिच्या पाकिटातून काढून. मोदकाच्या रंगासाठी जे कळत होतं ते पोरीच्या पोटासाठी...
राहू दे.

२४ एप्रिल
तारीख घाल. बाकी काही नाही.

२६ एप्रिल
डबा फेकला. टिकली निघेना, नखाने काढत बसले. मग तशीच टाकली.
सारखं तेच आठवतं. भाकरी टम्म फुगली की मनवा टाळ्या वाजवायची. मी म्हणायची, "अजून अर्धी घे, वाळलीयेस किती." ती पोट धरून बसायची आणि मी तिला अजून अर्धी द्यायची.
वंदना म्हणते, "सांगू नका, मावशी. पोरगी बरी आहे आता. सांगून काय मिळणार? येणारी माणसं पण यायची नाहीत."
खरं आहे. पण तिकडे प्राची घरात बसलीय. आपण नोकरी करत होतो म्हणून पोरगी आजारी पडली, असं धरून बसलीय. आणि मी सहा महिने बिल्डिंगभर सांगतेय की सुनेचा माझ्या हातावर विश्वास नाही. हिच्यापाशी तर रोज.
वंदनाने मान हलवली. मग म्हणाली, "रोज म्हणजे, दिवसातून दोनदा."

२९ एप्रिल
फोन लावून दिला वंदनाने. निघून जात होती, मी हात धरून बसवली.
सगळं सांगितलं. चक्की, गहू, डबा, टिकली. मग प्राचीने विचारलं,
"रोजचं पीठ, आई?"
"रोजचं."
"मी तिला शाळेतून थेट घरी यायला लावायचे. बाहेरचं नको, आजीकडची भाकरी खा म्हणायचे."
मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नव्हतं गो. तू ऑफिसात जात होतीस म्हणून नाही झालं ते."
मागे कुकरची शिटी. एक, दोन. "नंतर बोलते," म्हणाली.

५ मे
नंतर आलं नाही. संदीपचा आला फोन. गोळ्या घेतेस का, पंखा दुरुस्त केला का. त्याला माहीत आहे, हे त्याच्या आवाजावरून कळलं. माझा मुलगा पंख्याचं कधी विचारत नाही.

११ मे
येणार की नाही, कोणी सांगितलेलं नाही. तरी केला.
मिक्सरला नवं भांडं, तांदळाचा रवा घरीच काढला. फणस, गूळ, नारळाचं दूध, वेलची, मीठ चिमूट. वरून काजू. निखारे. अर्धा तास झाकण उघडलं नाही.
सुटला टोपातून अख्खा. तांबूस, जाळीदार. वंदनाने दोन वड्या खाल्ल्या. ‘छान’ म्हणाली नाही, तिसरीला हात घातला. तो मारला.

१२ मे
अकराला बेल. प्राची. एकटी.
पाणी दिलं. तिने ग्लास घेतला, न्याहाळला, प्यायली. मग स्वयंपाकघरात गेली. टोप बघितला, मिक्सरचं भांडं बघितलं, फडकं नाकाशी नेलं. मी दारात उभी, परीक्षेला बसल्यासारखी. मी कधी परीक्षेला बसले नाही, पण असंच असणार.
"मनवा?" विचारलं.
"क्लासला. संध्याकाळी तिच्या मैत्रिणी येणारेत घरी."
उभ्यानेच एक वडी खाल्ली. सावकाश. म्हणाली, "गूळ जास्त झालाय."
मग ओट्याला टेकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सहा महिने मी स्वतःला काय काय म्हटलंय, आई. आणि तुम्हाला त्याहून वाईट. आता दोन्हींचं काय करू, कळत नाही."
तिने पिशवीतून डबा काढला. स्टीलचा, घट्ट झाकणाचा. सहा वड्या भरल्या, कागद घातला, झाकण लावलं. "द्यायचं की नाही, बघते," म्हणाली. वाकून पाया पडली आणि गेली.
आता आठ वाजलेत. फोन नाही. वंदना म्हणते, मीच लावू का? नको. तिकडे पोरी आल्या असतील.
डबा तिचाच होता, घरून आणलेला. माझा असता तर परत द्यायला तरी यावं लागलं असतं.