आप्पांच्या जांघेतली नळी

मंगळवार, संध्याकाळ

आप्पांच्या तळपायाचा कॅन्सर जांघेतल्या गाठींत पसरला, म्हणून गाठी काढल्या. जखमेतलं पाणी कमी होईपर्यंत ते बाहेर काढणारी नळी राहू द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तालमीतली पोरं भेटायला येणार म्हणून आप्पांनी गल्लीतल्या कंपाउंडरकडून ती काढून घेतली. बाप लेकीला एवढंही सांगत नाही? एका नळीची एवढी लाज?

आज पाणी साठून जखम उसवली, पायही सुजला.

डॉक्टर म्हणाले, "नळी पुन्हा घालतो. पण पायाची सूज आता पुरती जाणार नाही."

"म्हंजे आखाड्यात उतरायचं न्हाय?"

"नाही, आप्पा."

चिडायचं ठरवलं होतं, जमलं नाही. मी सुजेवर बांधायची पट्टी उलगडली. कधी कुणाकडून पाय दाबून न घेतलेल्या आप्पांनी तो सुजलेला पाय माझ्या मांडीवर ठेवला.

"बांध पोरी. घट्ट बांध."