रांगीचे केस

रॉकहॅम्प्टन, १४ ऑगस्ट

तेपाएरूताई,

"पळून जाणाऱ्याने शहाणपण शिकवू नये," म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्यानंतर उचलतच नाहीस. बरं, मी पळपुटा. पळपुट्याचं पत्र तरी वाच. ऑकलंडला मावशीकडे सगळे खुशाल असतील. मीही ठीक आहे, जेवतो वेळेवर.

प्लास्टिकची बारीक नळी आत घातल्यावर रांगीचे पिवळे डोळे पुन्हा पांढरे झाले. म्हणून तुझं चाललंय, ऑक्टोबरपर्यंत थांबू, आयतुताकीला घरी त्याचे जन्मापासून वाढवलेले केस कापायचा समारंभ होऊ दे, एकेक बट कापून पाहुण्यांना पैसे ठेवू देत, मग औषध. डुकरं पोसलीत, सिडनीच्या मंडळींनी तिकिटं काढलीत, त्याला बसवायची गोधडी आईने शिवत आणलीय. सगळं खरं. पण ताई, नळीने पित्ताला वाट मिळाली एवढंच. गाठ तिथेच आहे.

शाळा मला झेपली नाही, पण कत्तलखान्यात माझं टेबल कलेजीचं. दिवसभर पित्ताच्या पिशव्या कापतो. पिशवीतून आतड्याकडे पित्त जातं ती वाट डोळे मिटून सापडते मला. रांगीची गाठ त्या वाटेतच आहे. आधी साधी कावीळ वाटली, मग वाटेला फुगवटा वाटला, आतला तुकडा तपासला तेव्हा कॅन्सर निघाला. "असं पोर आम्हालाही क्वचितच दिसतं," असं डॉक्टरीणबाई तुलाच म्हणाल्या ना? औषधाने गाठ आधी आकसेल, मग उरलेली कापतील. केस गळतील. परत येतील.

परवा मावशीच्या फोनवर तो म्हणाला, "मामा, नर्स मला मुलगी समजली. मी चड्डी काढून दाखवली!" मी हसलो. मग काम सुचेना.

मे महिन्यात घरी आलो होतो, तेव्हा एकदा त्याला मीच शीला नेलं. शी पांढरट, चिकणमातीसारखी. पित्त खाली उतरलं नाही की असं होतं, हे मला कळलं. आईने विचारलंही, "काय रे, गप्प का?" "काही नाही," म्हणालो. वाटलं, पोर जन्मताच तुझ्या ओटीत घातलं, मला मामा म्हणतो, आता कुठल्या तोंडाने बोलू? दोन दिवसांनी विमानात बसलो. तुला त्याचे डोळे पिवळे दिसले ते जूनच्या शेवटी. सहा आठवडे गेले, ताई. ते माझ्यामुळे. त्यांत तुझे आठ घालू नकोस.

बापाचा हक्क सांगत नाही. आई तूच, औषधाच्या कागदावर सही तुझीच. सोमवारी कर. केस त्याआधी वॉर्डातच कापा. खुर्चीवर मावशीची चादर टाक, आईला फोनवर दाखव, त्या नर्सच्याही हाती कात्री दे. सिडनीवाले म्हणतील, "आम्हाला न विचारता?" माझं नाव सांग. शिव्या खायची सवय आहे मला.

माझ्या वाटणीची बट तू काप. ओढू नकोस, रडतो तो.

तुझा,
नूरोआ

बटेचे पाठवतोय: नऊशे चाळीस डॉलर.