पलीकडे कोणी बोलत नाही

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण तुझ्यावरचा राग अजून पुरता उतरलेला नाही. म्हणून नुसतंच विचारते, कसा आहेस? तुझ्या ट्रान्सपोर्ट ऑफिसचा पत्ता तुझ्या जुन्या दोस्ताकडून काढला. त्याच्यावर डाफरू नकोस, मी त्याच्या डोक्यावरच बसले होते.

आई बरी आहे. शिवणाच्या मशीनवर बसते, लोकांच्या पँटी आखूड करते, माझं डोकं खाते. मी सिनेमाच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबा असते तर म्हणाले असते, "एकाने परीक्षा सोडून ट्रक धरला, दुसरीने कॅमेरा. आता अभ्यास मीच करतो."

यंदा आम्हाला भयपटाची सुरुवात करायला दिली होती. दोनच मिनिटं, पण बघणाऱ्याला घाम फुटला पाहिजे. मी सगळा नेहमीचा मसाला गोळा केला. अंधारं घर, एकटी बाई, करकरणारं दार. मग फोन वाजतो, पलीकडे कोणी बोलत नाही, नुसता श्वास. बाई किंचाळते. बाईच्या कामाला फुकटात कोण मिळणार? आई. भर दुपारी खिडक्यांना तिचंच काळं अस्तर टाचलं. कॅमेऱ्यामागे माझी मैत्रीण, आणि मी आतल्या खोलीतून मोबाइलवरून घरचा फोन लावायचा.

घंटा वाजली. आईने फोन उचलला, "हॅलो" म्हणाली. मी ठरल्याप्रमाणे गप्प. आता किंचाळेल, मग किंचाळेल म्हणून वाट बघतेय, तर तिने खुर्ची ओढली, बसली आणि हळूच म्हणाली, "जेवलास का रे?"

मला वाटलं, गंमत करतेय. पण ती बोलतच राहिली. "गाडी बाजूला लावलीयस ना? थंडी पडलीय, कान बांधत जा." मध्येच थांबायची, पलीकडच्याला बोलायला जागा द्यायची. मग म्हणाली, "बरं, राहू दे. पण एवढ्यात ठेवू नकोस."

मला फोन ठेवता येईना आणि धरवतही नव्हता.

अस्तर काढताना मी विचारलं, "आई, हे काय होतं?"

"तूच म्हणालीस, पलीकडे कोणी बोलत नाही. मग केलं नेहमीसारखं."

"नेहमी म्हणजे?"

"तू कॉलेजात असतेस तेव्हा येतो त्याचा. बोलत नाही. मागे इंजिन चालू असतं." दातांत टाचण्या धरूनच पुढे म्हणाली, "बाबा गेले तेव्हा आला नाही, त्याची लाज वाटत असेल. आपण कशाला ओरडायचं?"

दादा, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मागे सुट्टीच्या दिवशी असा एक फोन मी उचलला होता आणि पोलिसांत देईन म्हणून दम भरला होता. तो तूच ना?

मी पुन्हा शूट केलं नाही. दाराची करकर काढली, संगीत काढलं, अंधार तेवढा ठेवला. वर्गात दाखवायच्या आधी आईला विचारलं. म्हणाली, "दाखव. केस नीट दिसतायत ना माझे?"

फोन वाजला तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली. पुढचं सगळ्यांना पाठ होतं. आई बोलायला लागली आणि हसणं थांबलं. शेवटी फोन ठेवल्याचा खट्ट आवाज आला, तर पुढे बसलेली मुलगी चक्क दचकली. सरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "भीती भुताची घालायची असते," म्हणाले, "तू फोन ठेवला जाईल याची घातलीस. याला भयपट म्हणायचं का, मला विचार करावा लागेल." अजून मार्क दिलेले नाहीत.

तू तेव्हा का आला नाहीस, हे या पत्रात विचारायचं होतं. दोनदा लिहिलं, फाडलं. आईला ते विचारायचं नाहीये, मला आहे. पण समोर बसून विचारेन. बेल बिघडलीय, दार जोरात ठोठाव. मी ओरडेन, ते ऐकून घ्यावं लागेल. आई ओरडणार नाही, ते तुला जास्त जड जाईल.

तरी ये.

तुझ्यावर अजून चिडलेली,
खारू